बुडबुडा आला कुठून?

प्रवाळांच्या घरगुती टाकीखालचे कपाट उघडले की एक गमतीशीर विसंगती दिसते. आत सम्प म्हणून ओळखली जाणारी दुसरी टाकी असते आणि तिच्यात एक उभे नळकांडे सतत फेसाळत असते. हा प्रोटीन स्किमर. तो जितके बारीक आणि जितके जास्त बुडबुडे करील तितका तो उत्तम, आणि बहुतेकदा तितकाच महाग. त्याच्यापासून वीतभर अंतरावर काचेचे उभे आडोसे चिकटवलेले असतात, त्यांच्यात स्पंज कोंबलेला असतो, येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला कापडी पिशवी बांधलेली असते. हा सगळा बंदोबस्त कशासाठी? तर तेच बुडबुडे वरच्या टाकीत जाऊ नयेत म्हणून. एकाच कपाटात, एका बाजूला बुडबुडे तयार करण्यावर पैसे खर्च होतात आणि दुसऱ्या बाजूला त्यांना अडवण्यावर.

आणि एवढे करूनही ते वर पोचलेच तर? यावर हौशी मंडळींत सरळ दोन तट आहेत. एका तटाला टाकीत धुरळ्यासारखे तरंगणारे बुडबुडे दिसले की झोप लागत नाही. मासे मरतील, प्रवाळ आक्रसतील, टाकी बसेल. दुसरा तट गेली काही वर्षे मुद्दाम रात्री पंपात हवा सोडतो आणि सकाळी प्रवाळ कसे टवटवीत झाले ते सांगत सुटतो. दोघांचे ऐकले तर हा मिलिमीटरभराचाही नसलेला हवेचा गोळा एकतर विष ठरतो, नाहीतर औषध. पुढील पाने यांपैकी कोणत्याच तटात बसत नाहीत. बुडबुडा चांगला की वाईट, असे विचारून हाती काही लागत नाही. तो कुठे तयार झाला, तिथे दाब किती होता आणि त्याच्या पोटात कोणता वायू आहे, हे विचारले की मात्र भराभर उत्तरे मिळू लागतात.

गोड्या पाण्याच्या टाकीत ही कटकट फारशी नसते. तिथे दोन बुडबुडे भिडले की एक होतात, मोठा झालेला बुडबुडा झपकन वर येतो आणि फुटतो. खाऱ्या पाण्यात ते भिडतात, पण सहजी एक होत नाहीत. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे व्हिन्सेंट क्रेग, बॅरी निनहॅम आणि रिचर्ड पॅशली यांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये याविषयी शोधनिबंध लिहिला. काही क्षार बुडबुड्यांचे एकत्र येणे रोखतात, काहींचा त्यावर काहीच परिणाम होत नाही, आणि कोणता क्षार कोणत्या गटात जाणार हे त्यातल्या धन व ऋण आयनांच्या जोडीवर ठरते, असे त्यांना आढळले. असे का घडते यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. घडते हे मात्र नक्की. आपले रोजचे मीठ रोखणाऱ्यांच्या गटात येते. लिटरभर पाण्यात पाच-सहा ग्रॅम मीठ विरघळले की परिणाम ठळकपणे दिसतो, आणि समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात.

ज्याला पटत नसेल त्याने स्वयंपाकघरात जावे. दोन पारदर्शक बाटल्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी, एकीत तीन चमचे मीठ विरघळवून घ्यायचे, झाकणे लावून दोन्ही सारख्याच जोराने हलवायच्या आणि खिडकीपाशी उजेडात धरायच्या. साधे पाणी हात थांबताच निवळते. मिठाचे पाणी आणखी काही क्षण दुधाळ राहते आणि खालून वर हळूहळू स्वच्छ होत जाते, कारण सर्वांत बारीक बुडबुडे सर्वांत शेवटी वर पोचतात.

हा वर पोचण्याचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. बारीक बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला की त्याचा वर चढण्याचा वेग निम्मा होत नाही, चौथाई होतो. एक मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही वेगाने चढतो. त्याच्या एक-दशांश व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढतो. ६० सेंटिमीटर खोल टाकीच्या तळापासून पृष्ठभागापर्यंत यायला त्याला सुमारे दोन मिनिटे लागतात, तीही पाणी निश्चल असेल तर. व्यास आणखी निम्मा केला तर सात मिनिटांच्या वर. प्रवाळांच्या टाकीत पाणी निश्चल नसतेच. लाटा करणारे पंप ते अर्ध्या सेंटिमीटरच्या कितीतरी पट वेगाने ढवळत असतात, त्यामुळे असा बुडबुडा वर जाण्याऐवजी प्रवाहाबरोबर गोल-गोल फिरत राहतो. टाकी धुरकट दिसते ती यामुळे.

स्किमर याच दोन गोष्टींवर जगतो: बुडबुडे बारीक राहतात आणि हळू चढतात. लिटरभर हवा तीन मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर त्यांचा एकूण पृष्ठभाग दोन चौरस मीटर भरतो. तीच हवा एक-दशांश मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर साठ चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या बऱ्यापैकी फ्लॅटएवढा. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, प्रवाळांचा चिकट स्राव यांतून पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याला धरून असते तर दुसरे पाणी टाळते. असा रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसतो. बुडबुडा त्याला घेऊन वर येतो, फेस साचतो, नळकांड्याच्या मानेतून वरच्या कपात सांडतो. त्या कपातले काळपट-हिरवे पाणी एकदा नाकाशी नेले की स्किमर काय काम करतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जर्मनीत १९६० च्या दशकात घरगुती टाक्यांसाठी जे स्किमर निघाले, त्यांत हवा लिंडेन वृक्षाच्या लाकडाच्या ठोकळ्यातून फुंकली जाई. त्या लाकडाची छिद्रे इतकी सूक्ष्म, की दगडी एअरस्टोनपेक्षा कितीतरी बारीक बुडबुडे निघत. लाकूड मात्र काही आठवड्यांत कुजे, तुंबे, आणि बदलावे लागे. पुढे पंपाच्या पंख्यालाच सुयांसारखे दात बसवून हवेचे तुकडे करण्याची युक्ती आली आणि लाकूड मागे पडले. जिवंत खडक, चुन्याची निवळी आणि जोरकस स्किमर, या तीन पायांवर उभी राहिलेली पद्धत बर्लिनच्या हौशी मंडळींमुळे ‘बर्लिन पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

पण स्किमरशिवाय प्रवाळ जगूच शकत नाहीत, असे मात्र कुणी समजू नये. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. जिवंत खडक, ताजे समुद्राचे पाणी, भरपूर ऊन, आणि हवेच्या नळीतून येणारी साध्या ठसठशीत बुडबुड्यांची एक धार. बस्स. ही धार पाणी हलवत ठेवण्यासाठी होती, फेस काढण्यासाठी नव्हे. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास बाजारातले स्किमर मोजमापाच्या कसोटीला लावले, तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी जेमतेम २० ते ३० टक्केच ते काढू शकतात असे निष्पन्न झाले. वाटेल तेवढे महाग यंत्र आणा, उरलेला हिस्सा बुडबुड्याला चिकटतच नाही. स्किमरच्या जाहिराती वाचताना हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

आता बुडबुडे वरच्या टाकीत कसे शिरतात ते. सर्वांत सामान्य कारण सर्वांत बिनमहत्त्वाचे आहे: पाणी कमी झालेले असते. सम्पमधल्या बाकीच्या कप्प्यांची पातळी काचेच्या आडोशांनी ठरवून दिलेली असते, म्हणून बाष्पीभवनाची सगळी घट शेवटच्या कप्प्यात, म्हणजे पाणी वर परत पाठवणारा रिटर्न पंप बसवलेल्या कप्प्यात दिसते. मे महिन्यात दिवसभर पंखा चालू ठेवलेल्या खोलीत दोन दिवस गोडे पाणी घालायचे राहिले, की त्या कप्प्यात पंपाच्या तोंडाशी छोटासा भोवरा फिरू लागतो. भोवऱ्याची शेपटी पंपात शिरते आणि वर काचेच्या टाकीत हवेची फवारणी सुरू होते. तांब्या-दोन तांबे पाणी घातले की प्रकरण मिटते.

दुसरे कारण म्हणजे ओव्हरफ्लोच्या पाइपातून, म्हणजे वरच्या टाकीतून सम्पमध्ये, धबधब्यासारखे पडणारे पाणी. ते आपल्याबरोबर हवा खाली ओढते, आणि सम्प लहान असेल तर ती निसटायला वेळच मिळत नाही. तिसरे म्हणजे नवा कोरा स्किमर. त्याच्या प्लॅस्टिकवर कारखान्यातले तेलकट अवशेष असतात, त्यामुळे पहिले काही दिवस तो वेड्यासारखा वागतो आणि खालच्या बाजूने बुडबुडे सोडत राहतो. प्रवाळ चिकटवायला वापरतात ती दोन रंगांची एपॉक्सी पुट्टी पाण्यात टाकली तरी स्किमर उतू जातो. उलट तेलकट खाद्य पडले की फेस तासन्‌तास बसून राहतो. स्किमरशी थोडे दिवस राहिलेला माणूस या लहरी ओळखू लागतो. आणखी एक प्रकार मुळात पंपाचा नाहीच: दुपारी दिवे पूर्ण तेजावर असताना खडकावरच्या शेवाळाला किंवा लालसर सायनोबॅक्टेरियाच्या थराला मोत्यासारखे बुडबुडे लटकतात. तो प्रकाशसंश्लेषणातून निघालेला ऑक्सिजन. त्यासाठी सम्पमध्ये हात घालण्याचे काही कारण नाही.

इथपर्यंत सगळा मामला डोळ्यांना खुपण्याचा. काच धुरकट दिसते, छायाचित्र बिघडते, पाहुण्यांना टाकी गढूळ वाटते. खरी भीती बाळगावी असे एकच ठिकाण आहे, आणि ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सापडलेले आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वुड्स होल येथे सरकारी मत्स्यविभागाची प्रयोगशाळा होती. तिथल्या समुद्री टाक्यांत मासे विचित्र पद्धतीने मरत. डोळे बाहेर आलेले, पंखांच्या पातळ पडद्यांत काचेच्या मण्यांसारखे बुडबुडे, कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांत हवा. एम. सी. मार्श आणि एफ. पी. गॉरम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या रोगाचा छडा लावला. जंतू नव्हते, विष नव्हते. पंपाच्या पाणी खेचणाऱ्या नळीत हवा शिरत होती, पंप ती पाण्याबरोबर दाबत होता, आणि दाबाखाली पाण्यात गरजेपेक्षा जास्त वायू, मुख्यतः नायट्रोजन, विरघळत होता. असे पाणी टाकीत येऊन दाब उतरला की तो जादा वायू बाहेर पडू पाहतो, आणि माशाच्या शरीरात शिरलेला वायू त्याच्या रक्तातच बाहेर पडतो.

यातली खोच अशी, की माशाला मारणारे बुडबुडे टाकीत दिसणारे नसतात. दिसणारे बुडबुडे फार तर बातमी देतात. पाणी वरवर स्वच्छही असू शकते.

हाच रोग पुढे मोठ्या प्रमाणावर दिसला तो अमेरिकेच्या वायव्येस, कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरच्या धरणांखाली. सांडव्यावरून कोसळणारे पाणी हवेसकट खोल डोहात घुसते, तिथल्या दाबाखाली हवा विरघळते, आणि खाली सॅमन माशांना बुडबुड्यांचा रोग जडतो. तिथल्या पर्यावरण खात्याने पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या वायूंची मर्यादा संपृक्ततेच्या ११० टक्के ठरवली. नदीतल्या माशाला निदान एक पळवाट असते. पाण्यात एक मीटर खाली गेले की दाबामुळे सुमारे दहा टक्के जादा संपृक्तता झाकली जाते, म्हणून मासा खोल गेला की वाचतो. ६० सेंटिमीटर खोल टाकीत तळाशी जाऊन बसले तरी जेमतेम सहा टक्क्यांची सूट मिळते.

मग घरोघरचे मासे का मरत नाहीत? कारण घरगुती रिटर्न पंप पाणी साधारण दीड-दोन मीटरच चढवतो. एवढा दाब तुटपुंजा, आणि तोही पाणी पाइपात असेल तेवढे काही सेकंद. पुढे ओव्हरफ्लोतून पडताना आणि स्किमरमध्ये घुसळताना जादा वायू निसटूनही जातो. म्हणजे ज्या स्किमरवर बुडबुडे सोडल्याचा आळ येतो तोच इथे संरक्षण करतो. धोका वाढतो तो जास्त दाबाच्या बाह्य पंपांत, लांबलचक बंद पाइपांत, आणि मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांच्या यंत्रणेत. तिथे पंपाच्या खेचणाऱ्या बाजूचा एक सैल सांधाही पुरतो, आणि तो सांधा शोधणे अवघड, कारण तिथून पाणी गळत नाही. आत हवा खेचली जाते. जमीन कोरडीच राहते.

माशांचे झाले. प्रवाळांचे काय? नैसर्गिक प्रवाळभित्तीचा माथा म्हणजे जिथे लाट फुटते ती जागा, आणि फुटणारी लाट म्हणजे बुडबुड्यांचा कारखाना. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या ग्रँट डीन आणि डेल स्टोक्स यांनी २००२ साली फुटणाऱ्या लाटांतले बुडबुडे मोजले. साधारण एक मिलिमीटरच्या खालचे बुडबुडे एका रीतीने तयार होतात आणि त्यावरचे दुसऱ्या रीतीने, असे त्यांनी दाखवले. लाटांच्या माऱ्यात वाढणाऱ्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांना बारीक बुडबुडे जन्मापासून परिचयाचे आहेत. ऑक्सिजनचेही तेच. मायकेल क्यूल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली सुईच्या टोकाएवढ्या संवेदकांनी प्रवाळाच्या ऊतीतला ऑक्सिजन मोजला, तेव्हा उजेडात तो हवेशी संपृक्त पाण्याच्या अडीच पटींपर्यंत चढलेला आणि अंधार करताच काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आलेला आढळला. रोज एवढे चढउतार सोसणारा जीव अंगाला दोन बुडबुडे चिकटल्याने मरेल, हे पटण्यासारखे नाही. तो आक्रसतो, चिकट स्राव सोडतो, आणि बुडबुडा निघून गेल्यावर पुन्हा फुलतो. फांद्यांच्या बेचक्यात हवेचा कप्पा दिवसचे दिवस अडकून राहिला तर मात्र तेवढी जागा पाण्यावाचून कोरडी पडते, तेव्हा ती हवा काढून टाकणे शहाणपणाचे. समुद्री स्पंजांच्या बारीक नलिकांत हवा अडकली तर ती त्यांना स्वतःहून काढता येत नाही, म्हणून स्पंज पाण्याबाहेर काढू नयेत असे जाणकार सांगतात. (बबल कोरल नावाच्या प्रवाळाचे टपोरे फुगे पाहून नवखे लोक हवा काढायला जातात, पण त्या फुग्यांत हवा नसते, पाणी असते.)

बुडबुड्यातला वायू बदलला तर चित्र पालटते. पापुआ न्यू गिनीच्या मिल्न उपसागरात ज्वालामुखीच्या भेगांतून प्रवाळभित्तीमधूनच वायू बुडबुडत वर येतो, आणि तो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. काथारिना फॅब्रिसियस आणि सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाण्याचा पीएच ८.१ वरून ७.८ कडे घसरत जातो तसे नाजूक फांद्यांचे प्रवाळ कमी होत जातात, गोलमटोल पोराइट्स प्रवाळ तेवढे टिकतात, आणि ७.७ च्या खाली भित्ती बांधली जाणेच थांबते. प्रवाळांना मारक ठरते ते बुडबुड्याने पाण्यात सोडलेले, नुसते अंगाला लागणारे बुडबुडे नव्हेत.

रात्री मुद्दाम बुडबुडे सोडणाऱ्यांचा दावाही याच कसोटीवर तपासता येतो. त्यांच्या मते बुडबुडे पाण्यातला जादा कार्बन डायऑक्साइड काढून नेतात आणि पीएच वाढवतात. तत्त्व खोटे नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ साली किनाऱ्यालगतच्या पाण्यातला रात्रीचा जादा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी कमी करता येईल का, याचा विचार मांडला होता. अडचण इतकीच, की बुडबुडा खोलीतली हवा घेऊन येतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असतो. दारे-खिडक्या लावून एसी चालवलेल्या, तीन माणसे झोपलेल्या खोलीत तो हजाराच्या वर सहज जातो. त्या हवेचे कितीही बारीक बुडबुडे केले तरी पाणी त्या खोलीशीच जुळवून घेणार. खिडकी किलकिली करणे किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर काढणे स्वस्त पडते. प्रवाळ ‘टवटवीत होतात’ या दाव्याची तर शेजारी शेजारी दोन सारख्या टाक्या ठेवून क्वचितच कुणी परीक्षा घेतो.

रात्री असे बुडबुडे सोडण्याची एक किंमत मात्र रोकडी असते. पृष्ठभागावर फुटणारा प्रत्येक बुडबुडा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतो. समुद्रावरच्या हवेतले मीठ याच वाटेने येते. अल्फ्रेड वुडकॉक आणि डंकन ब्लँचर्ड यांनी १९५० च्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला. घरात तेच मीठ दिव्याच्या पट्टीवर, झाकणाच्या कडांवर आणि विजेच्या प्लगवर पांढरा थर धरते. मुंबई-पणजीच्या दमट हवेत हा थर ओलसर राहतो आणि त्यातून वीज वाहू शकते. टाकीतून येणारी वायर प्लगकडे थेट न नेता तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतात.

वीज गेल्यावर बुडबुड्यांचा मान एकदम वाढतो. २६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा-पावणेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात आठच्या वर. पंप थांबले की माशांनी गजबजलेल्या टाकीतला हा साठा काही तासांत संपतो. तेव्हा बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप आणि जाडेभरडे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन हाताशी असावा. तो तळाचे पाणी उचलून पृष्ठभागावर आणतो, आणि ऑक्सिजनचा मोठा हिस्सा तिथे मिळतो. इथे बारीक बुडबुड्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

भारतातल्या वाचकासाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. दगडी सांगाडा करणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या खडकावरून तुकडा उचलून घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशातून आणलेल्या दगडी प्रवाळांना साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांप्रमाणे कागदपत्रे लागतात.

पुढची प्रकरणे घरात तपासणी करावी त्याच क्रमाने लावली आहेत. आधी शेवटच्या कप्प्याची पातळी, मग पंपाच्या तोंडाशी भोवरा आहे का ते, मग ओव्हरफ्लोतून पडणारे पाणी, मग स्किमर. हे सगळे ठीक असूनही बुडबुडे येत असतील तर पंपाच्या खेचणाऱ्या बाजूचा एकेक सांधा घ्यायचा आणि त्यावर पाण्यात भिजवलेले फडके घट्ट गुंडाळून मिनिटभर वर पाहायचे. ज्या सांध्यावर फडके असताना टाकीतली फवारणी थांबते, तो सांधा दुसऱ्या दिवसावर न टाकता उघडायचा, रबरी रिंग बदलायची, आणि त्या आठवड्यात माशांचे डोळे व पंख रोज एकदा टॉर्चच्या उजेडात नीट पाहायचे.